पोस्टकार्डावर मावेल एवढं

सरांशी भांडायचं म्हणजे आधी बरीच तयारी करावी लागायची. मनात आलं, तोंड उघडलं आणि भांडून मोकळे झालो, असं त्यांच्यापुढं चालत नसे. तुम्ही कितीही तापून गेला तरी ते तळहात पुढं करून थांबवायचे. म्हणायचे, "थांबा पावणं. आधी माझी बाजू तुम्ही मांडा. मी 'व्हय' म्हटलं की मग भांडा." तुम्ही मांडलेली त्यांची बाजू त्यांना पटली नाही तर नुसतं "न्हाय" म्हणायचे आणि पुस्तकात डोकं घालायचे. तुम्ही परत जायचं आणि विचार करून यायचं.

माझंही त्यांच्याशी एक भांडण होतं. ते सात-आठ वर्षं चाललं. त्याबद्दलच सांगायला बसले आहे, पण मला सरळ सांगता येत नाही. आधी माणूस सांगते.

मी काही शिकलेली बाई नव्हे. उचगावात सातवीपर्यंत शाळा झाली, पुढं गावातच लग्न. मालक शाहूपुरीतल्या एका कॉलेजात शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर मला घेतलं. जुनी दोन मजली इमारत, खाली रस्त्यावर दिवसभर टेम्पो आणि हातगाड्यांचा कालवा. खालच्या मजल्यावर पदवीचे वर्ग आणि वर विद्यापीठाचं एम.ए.चं केंद्र. मला वरचा मजला दिला. पहिल्या दिवशी झाडू घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत शिरले, तर पांढरा पायजमा आणि गुडघ्यापर्यंत येणारा शर्ट घातलेला एक माणूस रिकाम्या खुर्चीशी तावातावानं बोलत होता. पायताण दाराबाहेर काढलेलं. मी म्हटलं, हे डोक्यानं गेलेलं दिसतंय, आपण नंतर यावं. वळले तर मागून आवाज आला, "मावशी, झाडून घ्या की. ह्येनी काय उठायचे न्हाईत. चोवीसशे वर्सं झाली त्यास्नी जाऊन."

त्या खुर्चीत त्यांनी ग्रीस देशातला एक म्हातारा बसवला होता. त्याला त्याच्याच गावानं मतदान घेऊन विष प्यायला लावलेलं. सर त्याच्याशी भांडत होते की बाबा, तुला पळून जायची सोय होती, मित्र तयार होते, मग तू का गेला नाहीस. आणि त्याची उत्तरंही हेच देत होते. मी खुर्चीखालचं तेवढं सोडून बाकीचं झाडलं. का सोडलं ते मलाही सांगता येणार नाही.

सर राज्यशास्त्र शिकवायचे. त्यातला एक ऐच्छिक पेपर त्यांचा स्वतःचा, त्यांनीच मागे लागून सुरू करवलेला. जगभरातल्या तत्त्वपरंपरा आणि राजकारण. म्हणजे राज्य कुणी करायचं आणि बाकीच्यांनी त्याचं का ऐकायचं, हा एकच प्रश्न घ्यायचा आणि तो घेऊन जगभर फिरायचं. चीनमधला एक गुरू होता, राजा चांगला वागला की रयत आपोआप चांगली वागते म्हणणारा, आणि नोकरी मागत दरबारोदरबार हिंडणारा. वाळवंटाकडचा एक होता, राज्यं तिसऱ्या-चौथ्या पिढीत मऊ का पडतात ते सांगणारा. आफ्रिकेतल्या गावसभा होत्या, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत झाडाखालून न उठणाऱ्या. हे सगळे सरांच्या तोंडून आमच्याच भाषेत बोलायचे. सर मूळचे पेठ वडगावचे, घर शेतकऱ्याचं. परदेशात शिकून आले होते म्हणे, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. "चिनी गुरुजी म्हणत्यात, राजा जर लबाड असंल तर कायदा करून काय उपेग हाय? आता बोला पावणं."

विद्यार्थ्यांना ते पावणंच म्हणत. मुलगा असो, मुलगी असो. म्हणायचे, "दोन वर्सांनी जानार. पावणंच की." प्राचार्यांनाही एकदा पावणं म्हणाले होते. प्राचार्यांना राग आला. सर म्हणाले, "तुमची बदली व्हनारी नोकरी. मी चुकलो काय?"

त्यांच्या वर्गात वही चालायची नाही, पोस्टकार्ड चालायचं. प्रत्येकानं येताना एक कोरं पोस्टकार्ड आणायचं. ज्या विचारवंताचं ऐकलं त्याचं म्हणणं मराठीत त्या कार्डावर लिहायचं, आणि तेही असं की तो स्वतः वाचून 'व्हय' म्हणेल. मग पुढच्या बाजूला त्याचा पत्ता. मुक्काम पोस्ट ग्रीस. मुक्काम पोस्ट चीन, फलाण्या राजाच्या दरबारात. पोरं हसायची. सर हसत नसत. "पत्ता लिहिला की मानूस समोर दिसतोय. दिसला की त्याच्याबद्दल वंगाळ लिवायला हात धजत न्हाय. आणि पोस्टकार्डावर मावत नसंल तर तुम्हाला ते कळलेलं न्हाय."

ती कार्डं ते चपलांच्या खोक्यांत ठेवायचे. कपाटावर अशी चौदा-पंधरा खोकी होती आणि त्यांच्यावरची धूळ पुसणं माझं काम. आता बघा, पुस्तक उघडायला माझ्यासारखीला भीती वाटते, पण पोस्टकार्ड कुणीही वाचतं. डबा खाता खाता मी रोज एक काढून वाचायची. कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच परत. असं करत तीन वर्षांत मी सगळी खोकी वाचली. माझं शिक्षण म्हणाल तर ते एवढंच. चपलांच्या खोक्यातलं.

पुढं मी तास चालू असताना दारात उभी राहायला लागले. चहाचा ट्रे हातात धरायचा, म्हणजे कुणी विचारलं तर कामावर आहे म्हणता यावं. एक दिवस सरांनी बोलता बोलता थांबून विचारलं, "मावशी, त्यो चा कुनासाठी हाय?"

"कुनासाठी न्हाय," मी म्हटलं. "कप मोकळेच हैत."

अख्खा वर्ग हसला. सर म्हणाले, "मग ट्रे ठेवा आणि बाकावर बसा. दारात उभं ऱ्हाऊन ऐकलेलं अर्धंच कानावर पडतंय." मागचा खिडकीजवळचा बाक मोकळा होता. त्यावर मी बसले. त्या दिवसापासून तो माझा बाक झाला. सरांच्या तासाला मी बसायची, बाकीच्या तासांना दारं-खिडक्या पुसायची.

सरांच्या लकबी सांगायला लागले तर संध्याकाळ होईल. रोज दोन वर्तमानपत्रं घ्यायचे, एकमेकांचं तोंडही न बघणारी. जे आवडायचं नाही ते आधी वाचायचे, आणि तेही चहा गार होईपर्यंत. निवडणुकीच्या दिवसांत ज्या पक्षाला मत देणार नाहीत त्याच्या सभेला पहिल्या रांगेत बसायचे. त्या लोकांना वाटायचं सर आपले. दुसऱ्या पक्षालाही तसंच वाटायचं. भाजी घ्यायला गेले की भेंडीवाल्याला म्हणायचे, "तुझं म्हननं असं हाय की पाऊस लांबला, माल कमी आला, त्यात भाडं वाढलं. बरोबर?" तो "व्हय सर" म्हणायचा. मग ह्यांना घासाघीस करायचं तोंडच राहायचं नाही. सांगेल तो भाव देऊन यायचे.

त्यांच्या बाईंना आम्ही काकू म्हणायचो. त्या एकदा स्नेहसंमेलनाला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, लगीन होऊन तीस वर्सं झाली, पर घरात एक भांडण म्हणून धड झालं न्हाई. मी चिडून बोलायला लागलो की हे माझीच बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडत्यात. तवर माझा राग जातोय, आणि भाजी करपती." (आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, सवयच ती.)

मला अभिमान वाटावा असा एक दिवस त्या वर्गात आला, तो सांगायला हवा. पुढच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. विषय होता संमतीचा. गप्प राहिलेला माणूस 'हो' म्हणाला असं धरायचं का? शाहूपुरीतल्याच एका व्यापाऱ्याचा मुलगा वर्गात होता, बोलायला चलाख. तो म्हणाला, "सर, जो मत द्यायला जात नाही, तक्रार करत नाही, त्याची संमतीच आहे की."

सरांनी मागं बघितलं. "मावशी, तुमच्या विहारात ठराव कसा करत्यात?"

आमच्या आज्यानं बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून आमच्या घराचा विहाराशी संबंध. भन्ते पावसाळ्यात वर्षावासाला यायचे तेव्हा जुन्या संघाच्या गोष्टी सांगायचे. मी उभी राहिले. म्हटलं, "भन्ते सांगायचे, संघात ठराव तीनदा विचारायचा. ज्याला मान्य त्यानं गप बसायचं, ज्याला मान्य न्हाय त्यानं बोलायचं. तिसऱ्यांदा पण सगळी गप बसली की मंजूर."

"बघा!" तो मुलगा म्हणाला.

"बघा काय?" मी म्हटलं. कुठून जोर आला कुणास ठाऊक. "ते आत बसलेल्यांचं झालं. आधी हद्द आखत्यात, हद्दीच्या आत कोन हाय ते बघत्यात, मग इचारत्यात. भाईर दारात उभं हाय त्याचं गप ऱ्हानं कसं धरायचं? त्याला कुनी इचारलंच न्हाय. त्याला बोलायची मुभा कुठं हाय?"

सरांनी टेबलावरचं एक पोस्टकार्ड उचललं आणि मी जे बोलले ते उभ्या उभ्या लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. "मावशी, हेच म्हनायचं हाय तुम्हाला?"

"व्हय," मी म्हटलं.

मग त्यांनी पत्त्याच्या जागी माझं नाव लिहिलं, मुक्काम पोस्ट उचगाव, आणि ते कार्ड ग्रीस, चीन, अरबस्तानच्या मधे खोक्यात उभं केलं. त्या आठवड्यात मी रोज धूळ पुसायच्या निमित्तानं ते खोकं उघडून बघत होते. आहे ना. होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अभ्यास मंडळाची बैठक आमच्याच कॉलेजात भरली. वेगवेगळ्या कॉलेजांतले सहा-सात प्राध्यापक आणि एक अध्यक्ष. सरांचा पेपर बंद करायचा की ठेवायचा, हा विषय. चहा द्यायला मी होते. काय होणार हे मला साधारण माहीत होतं. जे विरोधात होते त्यांना बोलताच येत नव्हतं. एक जाडसे गृहस्थ उठून म्हणाले, "विद्यार्थी कमी येतात. स्पर्धा परीक्षेला याचा उपयोग नाही." दुसरे म्हणाले, "आणि हे जरा फारच परदेशी आहे." एवढंच. हे काय बोलणं झालं? सरांनी नुसती दोन वाक्यं फेकली असती तरी पेपर वाचला असता.

सर उठले. मला वाटलं, आता.

सर म्हणाले, "तुमची बाजू तुम्हाला नीट मांडता येईना झालीया. मी मांडतो."

आणि त्यांनी ती मांडली. कशी मांडली म्हणून सांगू! म्हणाले, मूळ पुस्तकं इंग्रजीत, मराठीत एक धड नाही, आणि पोस्टकार्डं म्हणजे काही पुस्तकं नव्हेत. खेड्यातून येणाऱ्या पोरीला घरचे दोन वर्षांची मुदत देऊन पाठवतात. दोन वर्षांत पदवी आणि नोकरी, नाहीतर लग्न. अशी एक पोरगी गेल्या साली माझ्याच पेपरात नापास झाली. वर्गात सगळ्यांत चांगलं तीच बोलायची, पण परीक्षेत तीन तास लिहायचं असतं आणि मी तिला पोस्टकार्डापलीकडं लिहायला शिकवलंच नाही. तिचा बाप तिला न्यायला आला तेव्हा मी तिला जगातल्या सगळ्या थोरांची नावं शिकवली होती आणि पास झाल्याचा एक दाखला देऊ शकलो नाही. "असा पेपर ज्याला परवडतो त्यानं शिकावा. बाकीच्यांच्या दोन वर्सांवर माझी हौस कशाला? हे तुमचं म्हननं. व्हय का न्हाय?"

"होय," जाडसे गृहस्थ म्हणाले. हळू आवाजात. बहुतेक त्यांना स्वतःलाही आपण एवढं चांगलं म्हणत होतो हे नव्यानंच कळलं असावं.

मग सरांनी स्वतःची बाजू मांडली. तीही मांडली. पण खोली तोवर त्या पोरीकडं गेली होती, परत आली नाही. अध्यक्षांनी विचारलं, "बंद करायला कुणाचा विरोध?" सरांचा एकट्याचा हात वर. अध्यक्षांनी परत विचारलं. खोली गप्प. मी भिंतीला टेकून ट्रे धरून उभी. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावरूनही गेली. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "ठीक हाय. सगळ्यांचंच असं म्हननं असंल तर एकमतानं लिवा."

आणि एकमतानं लिहिलं.

चालू वर्गाचं वर्ष संपेपर्यंत पेपर चालला. मग कोपऱ्यातल्या खोलीत कॉम्प्युटर आले. कपाट हललं, खोकी सर घरी घेऊन गेले, बाक गच्चीवर गेले. माझाही गेला. दुसऱ्या एका सरांच्या तासाला मी सवयीनं दारात थांबले, तर ते म्हणाले, "मावशी, दार लावून घ्या." त्यांचं चुकलं असं नाही. आवाज येत होता रस्त्याचा. मी दार लावलं.

त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. सर एकटेच होते. म्हटलं, "सर, मला तुमच्याशी भांडायचं हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मांडा माझी बाजू."

"तुम्हाला तुमचा मोठेपना दावायचा हुता. बघा मी कसा दुसऱ्याची बाजू मांडतोय म्हणून."

"न्हाय," सर म्हणाले. चिडले नाहीत. पण चेहरा पडला.

वर्षभर मी त्यावर विचार केला. परत गेले. "तुम्हाला तुमचा नियम मोडवला न्हाय. जन्मभर पोरास्नी जे शिकवलं ते त्या दिवशीच कसं सोडायचं म्हणून."

"जवळ आलासा," म्हणाले. "पर न्हाय."

मग मी नाद सोडला. सर बाकीचे पेपर शिकवत राहिले. त्यांत खुर्ची नव्हती, कार्डं नव्हती. वह्या होत्या. जिन्यात भेटले की विचारायचे, "मावशी, भांडण हाय का गेलं?" मी म्हणायची, "हाय, हाय."

मला ते कळलं ते गावातच राहणाऱ्या भावाच्या घरी. त्याच्या दोन म्हशी होत्या, दूध संस्थेला घालायचा. एकदा दूध कमी पडलं आणि भावजयीनं पाण्याचा तांब्या उचलला. भाऊ म्हणाला, "घागर भरंल गं. पर मग ते दूध ऱ्हात न्हाय." एवढंच म्हणाला आणि कमी दूध घेऊन गेला. मी चुलीपुढं बसले होते, मला एकदम सर आठवले. दुसऱ्या दिवशी गेले. सरांच्या निवृत्तीला तेव्हा महिनाभर उरला होता.

"सर, मांडतो. त्या लोकांची बाजू तुम्ही पातळ करून मांडली असती, किंवा ती पोरगी दडवली असती, तर पेपर वाचला असता. पर वाचला असता तो ह्यो पेपर नसता. ज्याच्यात शिकवायचं की समोरच्याचं आधी पुरं ऐका, तोच पेपर समोरच्याला फसवून राखला, तर उद्या त्या वर्गात उभं ऱ्हाऊन तुम्ही बोलणार काय?"

सर खुर्चीतून उठले होते, ते परत बसले. चष्मा काढला. "व्हय," म्हणाले. "व्हय मावशी. हेच." चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "आता भांडा."

सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मग माझं काय?"

"म्हंजे?"

"तुमची बाजू मी मांडली. आता माझी तुम्ही मांडा."

हे त्यांना कुणी म्हटलं नसावं. आधी डोळे चमकले, मग जरा घाबरल्यासारखे दिसले. बोटांनी टेबलावर ठोकत म्हणाले, "मावशींची शिकायची सोय गेली."

"न्हाय," मी म्हटलं.

ते निवृत्त होऊन पेठ वडगावला राहायला गेले. पावसाळा संपता संपता उचगावला पहिलं पोस्टकार्ड आलं. बारीक, सरळ अक्षर. 'मावशींचे म्हणणे: चार लोकांत बाक मिळाला होता, तो मान गेला. होय की नाही ते कळवावे.' मी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं. त्यावर एकच शब्द लिहिला, 'न्हाय', आणि टाकलं.

मग बरेच महिने काही आलं नाही. मीच एका रविवारी एसटीनं पेठ वडगावला गेले. सर पुढच्या सोप्यात बसले होते, वाळले होते. मधे दवाखान्यात राहून आले म्हणून काकूंनी दारातच सांगितलं. भिंतीला सगळी खोकी लावलेली. काकू म्हणाल्या, "तू काय कोडं घातलंयस गं ह्यास्नी? औषध घेत न्हाईत येळंवर, कार्डं खोडत बसत्यात."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "सर, मी सांगून टाकतो. मिटवू."

सरांनी तळहात पुढं केला. तसाच, वर्गातल्यासारखा. "सांगू नका. तुम्ही सांगितलं तर ते मी ऐकलं असं व्हईल. मला कळलं असं न्हाय व्हनार." मग म्हणाले, "मी आयुष्यभर मेलेल्यांच्या बाजू मांडल्या मावशी. त्यास्नी काय, 'न्हाय' म्हनता येत न्हाय. तुम्ही जित्या हैसा, म्हणून अवघड जातंय."

निघताना काकूंनी शेंगा बांधून दिल्या. सर फाटकापर्यंत आले. धाप लागत होती तरी आले.

त्यानंतर लेकीच्या बाळंतपणाला मी इचलकरंजीला गेले ती सव्वा महिना तिकडंच राहिले. घरी येऊन दार उघडलं तर दारात लाइट बिल आणि पोस्टकार्ड. कार्ड जुनं होतं, पिवळं पडलेलं, जुन्या पैशांचं. वर जादा तिकीट चिकटवलेलं. पत्ता सरांच्या अक्षरात, पण शाई जुनी, तपकिरी झालेली. माझं नाव, मुक्काम पोस्ट उचगाव. ते माझंच कार्ड होतं. त्या दिवशी वर्गात लिहिलेलं. ग्रीस आणि चीनच्या मधनं काढून त्यांनी खरंच टपालात टाकलं होतं.

मागच्या बाजूला वर माझं तेव्हाचं बोलणं. हद्द, आत बसलेले, दारात उभा असलेला. खाली मोकळ्या जागेत, नव्या निळ्या शाईत, अक्षर हललेलं:

'मावशी त्या दिवशी खोलीत होत्या. हातात चहा होता म्हणून मी त्यांना विचारले नाही. दारातल्या माणसाचे गप्प राहणे मी संमती म्हणून धरले आणि हात खाली घेतला. त्यांनीच मला हे शिकवले होते. होय की नाही ते कळवावे.'

मी उंबऱ्यावरच बसले. पिशवी हातातच होती.

मग शेजारच्यांच्या घरी गेले, त्यांच्याकडं फोन होता. पोस्टानं दोन दिवस गेले असते, मला तेवढा दम नव्हता. फोन काकूंनी उचलला. मी म्हटलं, "काकू, सरांना द्या की जरा. एकच शब्द सांगायचा हाय."

काकू म्हणाल्या, "तुला कुनी कळवलं न्हाई? परवा तेराव्याचे दिवस झाले गं त्यांचे."

शेजारच्या बाई हात पुसत माझ्याकडं बघत होत्या. काकूंनीच विचारलं, "काय सांगायचं हुतं?"

"व्हय म्हणून सांगायचं हुतं," मी म्हटलं. "कार्ड पोचलं. व्हय."

काकूंनी तीस-पस्तीस वर्षं त्या नियमात काढलेली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता बोलायची पाळी त्यांची."

नियमानं तसंच होतं. त्यांनी माझी बाजू मांडली, मी व्हय म्हटलं, आता खोडायचं असेल तर त्यांनी खोडायचं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. काकूंनीही ठेवला नाही. पलीकडून त्यांच्या दारातल्या रस्त्यावरचा आवाज येत होता, एसटी गेल्याचा. आम्ही दोघी बराच वेळ तशाच गप्प होतो. त्या गप्प बसण्याचं काय धरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.